दुखलं नाही, तरी दाखवा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे लघवीबद्दल. हा विषय निघाला की माणसं मान खाली घालतात आणि त्या संकोचातच महिने निघून जातात. म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. लघवीतून एकदा जरी रक्त गेलं आणि अजिबात दुखलं नाही, तरी डॉक्टरांना दाखवायचं. पुन्हा सांगतो, दुखलं नाही, तरी दाखवायचं.

आमच्या दवाखान्यात एक आजी आल्या. मागे आजोबा, नाइलाजाने आलेले. आजींनी पिशवीतून घडी घातलेलं धोतर काढलं आणि टेबलावर उलगडलं. पांढऱ्या कापडावर रुपयाएवढे दोन तांबूस डाग. "न धुता आणलंय," आजी म्हणाल्या, "हे कबूल करत नाहीत म्हणून." आजोबा पुटपुटले, "बीट खाल्लं असेल." आजी म्हणाल्या, "आपल्या घरात बीट येतं कधी?"

मग एकेक बाहेर आलं. आषाढात, शेतात, लघवी लाल झाली होती. उष्णता झाली म्हणून आजोबा धने-जिऱ्याचं पाणी प्याले, दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली, त्यांना वाटलं गुण आला. दिवाळीनंतर पुन्हा तेच. दुखणं नाही, जळजळ नाही, ताप नाही. बिडी मात्र ऐन तारुण्यापासून.

सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. कर्करोगाचीच होती, पण आतल्या थरापुरती. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून ती काढली, पोटावर एक टाका नाही. आजोबा आता ठरल्या तारखांना दुर्बिणीच्या तपासणीला जातात. बिडी सुटली. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण बिडी-सिगारेटच. धुरातलं विष रक्तातून मूत्रपिंडात उतरतं आणि लघवीबरोबर मूत्राशयात साठून राहतं. हे रक्त मध्येच थांबतं, कधी महिनोन्‌महिने दिसत नाही. थांबलं म्हणजे बरं झालं, असं नाही.

बीटाने लघवी लालसर होते, क्षयाच्या औषधाने केशरी होते, हे खरं. पण तो निवाडा घरी करू नका. लघवीच्या साध्या तपासणीत कळतं.

बाकीचं थोडक्यात. तहान वाढली आणि लघवीही भरपूर होते, तर साखर तपासा. पन्नाशीनंतर धार बारीक झाली, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, तर पुरुषांनी प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, दाखवावी, वय झालं म्हणून सोसत बसू नये. जळजळ आणि सारखी लागणं, हा बायकांमध्ये बहुतेकदा जंतुसंसर्ग. पाणी कमी प्यायलं, लघवी दाबून धरली की तो बळावतो. आणि बायका पाणी का पीत नाहीत? एसटी स्टँडवर, बाजारात जायला धड जागा नसते म्हणून! गावोगावी कमानी उभ्या राहतात. त्याआधी पाणी आणि आतून कडी असलेलं स्वच्छतागृह बांधा. हे मी ग्रामसभेत बोलतो, इथेही बोलणार.

थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखतंय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाईने साधी जळजळही अंगावर काढू नये. आणि लघवी तुंबली, ओटीपोट फुगलं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघा.

जाताना चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. नमुना देताना पहिली धार सोडून मधली बाटलीत धरा. आणि रक्त दिसलं असेल, तर ते पहिल्यांदा कधी दिसलं हे डॉक्टरांना न लाजता सांगा. नमस्कार.