आंबा कच्चाच पाठवतो, हे आधी सांग

(दृश्य: देवगड तालुका, सकाळची बाग. झेल्याने आंबे उतरवताना.)

एप्रिल महिना. ऊन चढायच्या आत जेवढी फळं उतरतील तेवढी उतरवायची. काठीच्या टोकाला पातं, खाली जाळी, हा झेला. आंबा देठासकटच यायला हवा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि फळाची प्रत उतरते.

(दृश्य: पडवी. प्रतवारी, गवत, पेट्या.)

पेटी तीच, पण मोठं फळ चार-पाच डझन बसतं, लहान असेल तर त्याहून जास्त. हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला मात्र दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

(दृश्य: काकू आणि पुतण्या, समोर लॅपटॉप.)

पुतण्याने एआयला एवढंच सांगितलं होतं: हापूसची जाहिरात लिही. आलं ते पडद्यावर वाचा. 'कोकणच्या मातीचा अस्सल सुगंध! १०० टक्के सेंद्रिय फळांचा राजा, थेट तुमच्या दारी!'

काकूंचा चेहरा पाहा.

या बागेत मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी होते. काकू ते विचारणाऱ्याला सांगतातही. पण यंत्राला ही बाग कुठे माहीत होती? हजारो जाहिरातींत जे असतं, तेच त्याने इथे चिकटवलं. माल सेंद्रिय नसताना 'सेंद्रिय' म्हणणं कायद्यात बसत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असो.

(दृश्य: काकूंच्या फोनवरचे जुने संदेश. पुतण्या वहीत उतरवून घेतोय.)

मग सुरू झालं खरं काम: ही बाग कशी आहे, ते यंत्रासाठी एका पानावर लिहून काढायचं. जाहिरातवाले याला 'ब्रँड कॉन्टेक्स्ट' म्हणतात. इथे त्यासाठी कोणी सल्लागार आला नाही. काकू गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर जे लिहीत आल्या, तेच शोधून काढलं. 'आंबा कच्चाच पाठवतो. पेटी उघडून लगेच फ्रिजमध्ये ठेवू नका.' 'वरून चांगला दिसला तरी आत साका निघू शकतो. तसा निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देऊ.'

साका म्हणजे गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग. वरून कळत नाही. कुठली एजन्सी जाहिरातीत साक्याचं नाव काढेल? काकू काढतात. या बागेची ओळख तीच आहे, आणि यंत्राला नेमकी तीच द्यायची होती.

पुतण्याने पहिल्या पानावर 'विश्वासार्ह, प्रेमळ, पारंपरिक' असं लिहिलं होतं. खोडलं. विशेषणं दिली की विशेषणंच परत येतात. त्या जागी बागेतल्या गोष्टी आल्या: आंबा अढीत कसा पिकतो, कार्बाइड का वापरत नाही, कोकणच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काकूंचे पाच-सहा संदेश जसेच्या तसे, शुद्धलेखन न सुधारता. माल कोणाला जातो तेही. बहुतेक जण मूळचे इकडचेच, आता डोंबिवली-बोरिवलीत राहणारे. त्यांना हापूस म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही.

(दृश्य: वहीचं पान, जवळून.)

खाली 'नको' ची यादी. फळांचा राजा नको. अमृत नको. पानावर नसलेला आकडा किंवा दावा नको. माहीत नसेल तर विचार. आणि मालवणी स्वतः जुळवू नको, ती काकू लिहितील. यंत्राची मालवणी ऐकून पडवीत जे हसू फुटलं, ते आमच्या कॅमेऱ्यात आहे.

(दृश्य: हसणारी पडवी. निवेदन थांबते.)

हे पान टूलच्या कायमच्या सूचनांमध्ये ठेवलंय. नाहीतर दर नव्या संभाषणात श्रीगणेशा करावा लागतो.

(दृश्य: पडद्यावर नवा मजकूर.)

'पेटी उघडलीत की आंबा हिरवा दिसेल. गवतातच राहू द्या, रोज एकदा हात लावून बघा. घरभर वास सुटला की कापा. साका निघाला तर फोटो पाठवा.' खाली काकूंच्या हातची ओळ: 'घाई करू नकात, आंबो आपसूक पिकतलो.'

'आंबा कच्चा का पाठवलात' असे फोन यंदा कमी आले.

(दृश्य: पेट्या टेम्पोत चढवताना.)

पान दर आठवड्याला बदलतं. दर, उरलेला माल, पोचायला लागणारे दिवस. पाऊस लागला की पहिल्याच ओळीत लिहायचं: बुकिंग बंद. नाहीतर यंत्र जूनमध्येही आंबे विकत बसेल.