राखीव क्षमता किती धरायची?

(वीजप्रणाली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, 9 ऑगस्ट 2019 च्या संध्याकाळी, पाचला थोडा वेळ असताना, इंग्लंडमध्ये एका पारेषण वाहिनीवर वीज पडली. अशा वेळी वाहिनी क्षणभर बंद पडते आणि पुन्हा सुरू होते, तशी ती झालीही. पण त्या धक्क्यात हॉर्नसीच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांची निर्मिती घसरली, लिटल बारफर्डचा वायूवरचा संच टप्प्याटप्प्यानं बंद पडला आणि वितरण जाळ्याला जोडलेली कितीतरी छोटी निर्मितीकेंद्रं आपापल्या संरक्षण यंत्रणेमुळे बाहेर गेली. सगळं मिळून 1,800 मेगावॉटपेक्षा जास्त गेलं. हाताशी राखीव, म्हणजे गरज पडताच मिळेल अशी जादा क्षमता, होती सुमारे 1,000 मेगावॉट. एरवी 50 हर्ट्झच्या आसपास राहणारी ग्रिडची फ्रिक्वेन्सी 48.8 हर्ट्झपर्यंत उतरली आणि सुमारे 11 लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली.

ते 1,000 मेगावॉट कुणी अंदाजानं ठरवलेले नव्हते. त्या वेळी एका झटक्यात जाऊ शकेल असा सर्वांत मोठा एकच स्रोत केवढा, यावरून तो आकडा आला होता. दोन स्रोत एकाच कारणानं, एकाच वेळी जातील हे त्या हिशेबात बसत नव्हतं. आकड्यामागचं गृहीतक स्पष्ट होतं, म्हणून नंतर त्यावर चर्चा करता आली, ते तपासता आलं.

आता आपण संगणकावर वीजप्रणालीचं जे सिम्युलेशन करतो, त्याकडे या. युनिट कमिटमेंट म्हणजे उद्या कोणता संच किती वाजता सुरू, किती वाजता बंद, हे कमीत कमी खर्चात ठरवणं. त्यात राखीव क्षमतेचा एक रकाना असतो. बहुतेक प्रकल्प अहवालांत तिथे मागणीच्या 5 टक्के असं लिहिलेलं दिसतं. 5 च का, याचं उत्तर सहसा कुठेच नसतं. माझा आक्षेप यावर आहे. राखीव क्षमता कशासाठी, किती मिनिटांत आणि कुठे हवी, या प्रश्नांची उत्तरं आधी द्या. आकडा त्यातूनच निघतो.

कशासाठी, याला दोन वेगळी उत्तरं आहेत. एक, अचानक काहीतरी बंद पडलं तर. केंद्रीय वीज नियामक आयोगानं 2015 मध्ये देशासाठी प्राथमिक राखीव (बिघाड होताच काही सेकंदांत आपोआप मिळणारी) 4,000 मेगावॉट धरली, ती एखादं अतिविशाल वीजकेंद्र पूर्ण बंद पडेल असं समजून. हा आकडा दिवसरात्र सारखाच राहतो. दुसरं उत्तर म्हणजे अंदाज चुकला तर. ही गरज तासागणिक बदलते. मध्यरात्री सौरऊर्जेचा अंदाज चुकूच शकत नाही, मग तिच्यासाठी रात्री राखीव कशाला? अमेरिकेतल्या पवन-सौर अभ्यासांतून मागणीच्या 3 टक्के अधिक वाऱ्याच्या 5 टक्के असा ठोकताळा आला. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण तो तिथल्या विदावरून (डेटावरून) आला आहे. आपल्या अंदाजांच्या चुका आपणच मोजायच्या.

आणि त्या चुका सरळ बेरजेत घालू नका. मागणीची चूक 600 मेगावॉट आणि सौरची 800, दोन्ही एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर एकत्रित चूक 1,400 नव्हे, 1,000 होते. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ. उरलेल्या 400 मेगावॉटसाठी तुम्ही विनाकारण एक कोळशाचा संच दिवसभर तापता ठेवता.

किती मिनिटांत, याचं उदाहरण चंद्रपूरसारख्या केंद्रातल्या 500 मेगावॉटच्या संचाचं घेऊ. तो 400 वर चालतोय. मॉडेलनं 100 मेगावॉट राखीव दाखवली. पण संच मिनिटाला 1 टक्क्यानं चढत असेल तर दहा मिनिटांत मिळतात फक्त 50. चढण्याच्या वेगाची ही मर्यादा राखीव क्षमतेच्या समीकरणात घातली नाही, तर निम्मी राखीव कागदावरच राहते. जलविद्युत झपाट्यानं चढते, पण तिच्यामागे पाणी लागतं. कोयनेचं पश्चिमेकडे सोडायचं पाणी लवादाच्या निवाड्यानं वर्षाला 67.5 टीएमसी इतकं बांधलेलं आहे. राखीव म्हणून वापरलेलं पाणी त्याच खात्यातून वजा व्हायला हवं.

आणि राखीव खालच्या दिशेचीही लागते, म्हणजे निर्मिती झटपट कमी करण्याची सोयही हवी, हे हमखास विसरलं जातं. 5 एप्रिल 2020 ला रात्री 9 वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटनं उतरली. जलविद्युत निर्मिती साडेपंचवीस हजारांवरून आठ हजारांवर आणली, म्हणून ग्रिड टिकलं. जलविद्युत आधीच चढवून ठेवली होती, ती याचसाठी. भर दुपारी सौरऊर्जा भरात असते आणि कोळशाचे संच क्षमतेच्या 55 टक्के या किमान पातळीला टेकलेले असतात, तेव्हा हीच अडचण रोज येते.

'कुठे' याबद्दल थोडक्यात. मुंबईकडे येणाऱ्या वाहिन्याच बंद पडल्या तर विदर्भातली राखीव मुंबईच्या कामाची नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला वीज गेलेल्या मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. विभागवार राखीव धरा.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि इथे मी थोडा आग्रही आहे. आदल्या दिवशीचा अंदाज आणि प्रत्यक्ष स्थिती यांना एकच विदा दिला, तर मॉडेलला भविष्य आधीच ठाऊक असतं. राखीव कधी वापरलीच जात नाही. ती फक्त खर्च वाढवते. मग कुणीतरी निष्कर्ष काढतं की राखीव कमी केली तर इतके कोटी वाचतात! हा निष्कर्ष मॉडेलच्या रचनेतूनच आला आहे, ग्रिडबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून दोन टप्पे हवेत. पहिल्यात अंदाजावर संच ठरवा. दुसऱ्यात संचांचं ते वेळापत्रक गोठवा, खरी मागणी आणि खरं ऊन-वारं द्या, आणि अंदाज चुकण्यासाठी धरलेली राखीव मोकळी सोडा. ती दुसऱ्या टप्प्यातही अडकवून ठेवली, तर राखीव शाबूत आणि ग्राहक अंधारात, असं विचित्र उत्तर येतं. मॉडेलमध्ये राखीव कमी पडल्याचा दंड, म्हणजे त्यासाठी धरलेला कृत्रिम खर्च, तोही वीज न पुरवल्याच्या दंडापेक्षा कमीच ठेवा, म्हणजे क्रम बिघडणार नाही.

एक तांत्रिक खबरदारी. सॉल्व्हरला, म्हणजे उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, सर्वोत्तम उत्तरापासून 1 टक्का तफावत चालेल असं सांगितलं असेल आणि दोन पर्यायांच्या खर्चात फरक 0.3 टक्के असेल, तर तो फरक वाचू नका. तफावत घट्ट करून पुन्हा चालवा. मग राखीव पायरीपायरीनं वाढवत न्या आणि प्रत्येक पायरीला खर्च आणि न पुरवलेली वीज शेजारी मांडा. वर्षाची सरासरी बाजूला ठेवून आधी सर्वांत वाईट पन्नासेक तास उघडा. त्यातले बहुतेक सूर्य मावळताना येत असतील, तर राखीव वर्षभर वाढवण्याचं कारण नाही. ती संध्याकाळच्या त्या दोन-तीन तासांतच वाढवायची.