आठ नमुन्यांची पुडी

[दृश्य: काळा टर्मिनल. एक ओळ टाइप होते.]

एक आज्ञा, एक एंटर. चहा गाळून होईतो एक अख्खा प्रयोग लॅपटॉपवर उतरतो. हे ‘बायोकंडक्टर’ या प्रकल्पातलं पॅकेज, म्हणजे डेटाची तयार पुडी. नाव ‘एअरवे’.

आत आहेत माणसाच्या श्वासनलिकेतल्या स्नायूपेशी, चार सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवलेले पेशींचे चार वंश). प्रत्येकीच्या एका भागाला १८ तास डेक्सामेथासोन दिलं, दुसऱ्याला काहीच नाही. कोरोनात आपल्याकडे घरोघरी पोचलं, तेच हे स्टेरॉइड. हा अभ्यास मात्र दम्याच्या औषधांचा, २०१४ सालचा. कोणतं जनुक किती कामात आहे, ते आरएनए वाचून मोजलं. आठ नमुने म्हणजे आठ रकाने, आणि दर जनुकाला एक अशा सुमारे ६४ हजार ओळी.

[दृश्य: आकड्यांचा तक्ता. कॅमेरा पहिल्या ओळीवर.]

पहिली ओळ बघा. ६७९, ४४८, ८७३, ४०८... यातला औषधवाला नमुना कोणता? एरवी हे सांगणारी यादी वेगळ्याच एक्सेलमध्ये असते, आणि ती एक्सेल दोन वर्षांपूर्वी लॅब सोडून गेलेल्या कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर!

बायोकंडक्टरने नेमकं हेच दुखणं धरलं. २००१ मध्ये सुरू झालेला हा मुक्तस्रोत प्रकल्प ‘आर’ या आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषेवर उभा आहे. इथे आकडे आणि लेबलं एकाच गाठीत बांधतात. तिसरा नमुना काढला की त्याचं लेबलही निघतं. उरलेली लेबलं एक घरही सरकत नाहीत. माझ्या मते या प्रकल्पाची खरी कमाई ही गाठच. बाकी सोबत डेटा कुठून आला त्याची माहिती असते, आवृत्तीचा क्रमांक असतो. वर्षातून दोनदा सगळ्या पॅकेजांची नवी आवृत्ती निघते. फार जड डेटा पॅकेजमध्ये कोंबत नाहीत. तो ‘एक्सपेरिमेंटहब’ या ऑनलाइन कोठारात असतो, मागितला की येतो, आणि एकदा आला की मशीनवरच साठून राहतो.

पण पुडी घट्ट बांधली तरी सोडणाऱ्याचा हात चुकू शकतो.

[दृश्य: लेबलांचा रकाना, जवळून.]

औषधवाल्यांवर लिहिलंय ‘टीआरटी’ (ट्रीटेड), बाकीच्यांवर ‘यूएनटीआरटी’ (अनट्रीटेड). तुलनेचा पाया कोणता, म्हणजे बदल कोणत्या गटापासून मोजायचा, ते सांगितलं नाही, तर आर वर्णानुक्रमात पहिला येणारा शब्द उचलते. टी आधी, यू नंतर. म्हणजे औषध दिलेल्या पेशीच पाया ठरतात, आणि औषधानंतर ६७९ वरून ४४८ वर उतरलेलं जनुक निकालात चढलेलं दिसतं. एरर नाही, सूचना नाही. उत्तर बिनबोभाट उलटं. म्हणून शिकवणीच्या पाठांत पाया बदलणारी एक ओळ आवर्जून घातलेली असते.

[दृश्य: ती ओळ टाइप होते. निकाल पुन्हा येतो.]

आता त्या जनुकापुढे उणे चिन्ह आहे.