विजयदुर्गला उतरताना

(दृश्य: पहाटेचा समुद्र, दक्षिणेकडे निघालेली शिडाची नौका)

मुंबईहून गोव्याकडे शिडाच्या नौकेनं निघालं की विजयदुर्ग येतो सुमारे १४० सागरी मैलांवर. वाटेतल्या बऱ्याच खाड्यांच्या मुखाशी वाळूचा भर असतो, ओहोटीला तिथे नौकेचा तळ घासतो. विजयदुर्ग ज्या वाघोटण खाडीच्या मुखाशी आहे, तिथे असा भर नाही. किल्ला पश्चिमेला आडवा उभा असल्यामुळे दुपारच्या वायव्य वाऱ्यातही आतलं पाणी शांत राहतं. लांबच्या सफरीत जमिनीवर उतरून एखादा दिवस घालवायचा असेल, तर कोकण किनाऱ्यावर याहून चांगली जागा शोधावी लागेल.

आत शिरायचं ते उत्तरेकडून, किल्ल्याला लांबून वळसा घालून. पश्चिमेच्या तटाजवळ मोह झाला तरी जाऊ नये. तिथे पाण्याखाली खडक आहेत आणि दगडांची भिंतही आहे.

आता नांगर. समजा, टाकताना ओहोटी आहे आणि पाणी पाच मीटर आहे. उधाणाच्या भरतीला ते आणखी दोनएक मीटर चढेल. नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक मीटर धरा. झाले आठ मीटर. त्याच्या पाचपट, म्हणजे चाळीस मीटर साखळी सोडायची. बहुतेकांची चूक इथेच होते. समोर दिसणाऱ्या पाच मीटरांचाच हिशेब करून पंचवीस मीटर सोडतात आणि किल्ला बघायला जातात. भरती चढली की साखळी उभी ताणली जाते, नांगर चिखलातून वर उचलला जातो आणि नौका सरकू लागते.

सकाळी जमिनीकडून मतलई वाहतो, दुपारी वारा समुद्रावरून येतो, शिवाय खाडीचा प्रवाह दिवसातून चार वेळा दिशा बदलतो. नौका नांगराभोवती पूर्ण फिरणार, हे धरूनच शेजारच्या मच्छीमार होड्या आणि जाळ्यांचे बावटे यांपासून अंतर ठेवावं. उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा: जवळचं झाड आणि मागचा बुरूज. ती रेष फार मोडली, तर नांगर ओढला जातोय. हे पाहायला एक जण नौकेवर थांबलाच पाहिजे.

(दृश्य: धक्क्याच्या पायऱ्या, शेवाळ, कालवं)

उतरायची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीची पाऊणपट केली की मुंबईतली पूर्ण भरती कळते. तृतीयेला सव्वादोन. विजयदुर्गला ती साधारण पाऊण-एक तास आधी येते, म्हणजे दीडच्या आत. नेमकी वेळ छापील कोष्टकातून पडताळून घ्यावी. तृतीया सोयीची, कारण सकाळी सातनंतर पाणी चढत राहतं. साडेआठला डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी रबरी होडी, धक्क्याला लावली, तर परतेपर्यंत ती तरंगत असते. दशमीला उलट होतं. सकाळची भरती ओसरू लागलेली असते आणि दुपारी डिंगी चिखलात बसलेली सापडते.

डिंगीचा दोर लांब ठेवा. आखूड बांधला आणि पाणी उतरलं, तर ती लोंबकळते. पायऱ्यांवरची कालवं रबर सहज फाडतात, त्यामुळे डिंगी भिंतीला घासू देऊ नका. नौकेची कागदपत्रं आणि सर्वांची ओळखपत्रं सोबत असावीत, सागरी पोलीस विचारतात.

किल्ल्याला दोन तास हवेत. जांभ्याची तिहेरी तटबंदी आहे. वळसा घेत जाणारा गोमुखी दरवाजा आत शिरेपर्यंत दिसत नाही. सायबाच्या ओट्यांपाशी, म्हणजे ग्रहण पाहण्यासाठीच्या चौथऱ्यांपाशी, थांबा. हेलियमचा शोध इथे लागल्याचं सांगितलं जातं, पण ज्या सूर्यग्रहणात सूर्याच्या प्रकाशात त्याची खूण दिसली, ती नोंद १८६८ची, गुंटूरसारख्या ठिकाणांची. हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला ग्रहण पाहायला आले ते १८९८च्या जानेवारीत.

मग पूर्वेच्या तटावरून आपल्या नौकेकडे बघा. फेब्रुवारी १७५६मध्ये याच पाण्यात तुळाजी आंग्र्यांची जहाजं एकमेकांना खेटून उभी होती. तोफगोळ्यानं एका जहाजाला आग लागली आणि ती साऱ्या आरमारात पसरली. जहाजांमध्ये अंतर नव्हतं.

वेळ उरला तर चढत्या पाण्याबरोबर डिंगीनं खाडीत तीनएक किलोमीटर आत, गिर्ये गावाजवळ जा. तिथे मराठ्यांची खडकात खोदलेली गोदी आहे, शंभर मीटरहून थोडी अधिक लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळ दुरुस्त करायचा, अशी तिची रीत. आता ती गाळानं भरली आहे, म्हणून भरती पूर्ण होताच परत फिरावं.

(दृश्य: मतलईवर भरलेलं शीड)

पुढचा मुक्काम मालवण, तीसएक सागरी मैलांवर. पाच नॉटच्या, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांच्या, वेगानं सहा तास. तिथला मार्ग खडकांमधून जातो, अंधारात शिरू नये आणि स्थानिक तांडेल, म्हणजे वाट माहीत असलेला नाखवा, सोबत घ्यावा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग पाहायला मालवणच्या धक्क्यावरूनच होडी मिळते. दुपारी वायव्य वारा जोर धरतो, म्हणून त्याआधी पोहोचायचं तर विजयदुर्गचा नांगर पहाटे पाचला उचलावा. साखळीबरोबर येणारा चिखल तिथेच धुऊन टाकावा, वाळला की तो निघत नाही.