'हरण्या' डेटाबेसमध्ये कसा शोधायचा?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या केळीबागेत पानांवर पिवळे पट्टे उमटले, पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडू लागला, की शेतकरी म्हणतो, हरण्या आला. याच रोगावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यानं शोधपेटीत काय लिहायचं? बहुतेक जण 'सीएमव्ही' लिहितात, म्हणजे हा रोग करणाऱ्या 'कुकंबर मोझॅक व्हायरस'चं लघुरूप. पबमेड या वैद्यक आणि जीवशास्त्राच्या निबंधांच्या डेटाबेसमध्ये ही तीन अक्षरं टाकली, की माणसांना होणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूचे निबंध धो-धो कोसळतात. त्याचंही लघुरूप तेच. केळी त्या ढिगाखाली गाडली जाते.

मग 'कुकंबर मोझॅक व्हायरस' हे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकायचं. गर्दी ओसरते, पण कामाचंही काही वाहून जातं. 1990च्या दशकातल्या काही निबंधांत 'कुकंबर मोझॅक कुकुमोव्हायरस' असं नाव आहे. अवतरणचिन्हांत शेवटचा शब्द बदललेलाही चालत नाही. शिवाय केळीवरच्या या रोगाला 'इन्फेक्शियस क्लोरोसिस', 'बनाना मोझॅक', 'हार्ट रॉट' अशीही नावं आहेत. म्हणून संगणकाला हात लावण्याआधी कागदावर दोन रकाने आखा: पीक आणि रोग. एका रकान्यातले शब्द 'ऑर'नं जोडा (यातला कुठलाही चालेल), दोन रकाने 'अँड'नं (दोन्हींतलं काहीतरी हवंच). प्रत्येक रकान्याला कंस हवाच.

कंसाचा कंटाळा करू नका. 'बनाना ऑर म्युसा अँड मोझॅक' हे पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं, म्हणून निभावतं. वेब ऑफ सायन्स हा दुसरा डेटाबेस आधी 'अँड' सोडवतो. तिथं याचा अर्थ होतो: केळीवरचे झाडून सगळे निबंध, अधिक म्युसा आणि मोझॅक दोन्ही असलेले. शब्द तेच, पण निकालाचा आकडा कुठल्या कुठे. आणि म्युसा हे केळीचं शास्त्रीय नाव, तसंच लोकांचं आडनावही. शोध शीर्षक, सारांश आणि कीवर्डपुरता ठेवला नाही, तर लेखकांची फौज येते.

'जळगाव' हा शब्द मात्र सुरुवातीला घालूच नका. नमुने रावेरचे असले तरी सारांशात नुसतं 'महाराष्ट्र' किंवा 'इंडिया' असू शकतं. गावाचं नाव आत, पद्धतीच्या भागात. नोंदीच्या सगळ्या फील्डमध्ये (शीर्षक, लेखक, पत्ता वगैरे) शोधलंत तर उलटा घोळ: लेखकाचा पत्ता जळगावचा, विषय भलताच. ठिकाणाची चाळणी शेवटी, आणि तीही डोळ्यांनी लावलेली बरी.

शब्द तोडून शेवटी तारांकन (*) लावलं, की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द मिळतात; सोय चांगली, पण बेतानं. व्हायरस आणि व्हायरल दोन्ही मिळावेत म्हणून इंग्रजीतली पहिली तीनच अक्षरं ठेवली, तर पबमेडमध्ये ते चालत नाही. तिथं किमान चार लागतात. शिवाय तारांकन लावलेल्या शब्दासाठी पबमेड स्वतःहून समानार्थी शब्द शोधणं बंद करतं. गूगल स्कॉलरमध्ये तर तारांकनाचा असा उपयोगच नाही, आणि निकाल हजारोंनी दाखवले तरी पाहता येतात फक्त पहिले 1000.

सगळ्यात जास्त नुकसान 'नॉट' (पुढचा शब्द असलेले निबंध वगळा) करतं. सायटोमेगॅलो घालवायला 'नॉट ह्यूमन' लिहिलंत, तर 'माणसाच्या आहारातली केळी' असं पहिलं वाक्य असलेला निबंधही गेला. आणि गेलेलं पडद्यावर दिसत नाही. पिकाचा रकाना नीट असेल तर 'नॉट'ची गरज पडत नाही.

गेलेलं पकडायला आपल्या विषयाचे नक्की माहीत असलेले पाच-सहा निबंध बाजूला ठेवा. शोधवाक्यात एक बदल केला, की ते सगळे निकालात आहेत का बघा. एखादा गळाला तर त्याचं शीर्षक, सारांश, कीवर्ड उघडा. लेखकानं वापरलेला, तुमच्या रकान्यात नसलेला शब्द तिथंच सापडेल. तो घाला, पुन्हा चालवा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. प्रत्येक वेळी तारीख, डेटाबेसचं नाव, निवडलेली फील्ड आणि आलेला आकडा वहीत लिहा. शोधवाक्य मात्र हातानं उतरवू नका, कॉपी करून फाइलमध्ये ठेवा. उतरवताना पहिला कंसच सुटतो.