रिकामी दिसते ती जागा

नमस्कार मंडळी. तो माईक जरा खाली घ्या कोणीतरी, माझ्या उंचीचा नाहीये. हां, बास. तर मला आज 'दिव्यांग ग्राहक आणि बाजारपेठ' असा भारदस्त विषय दिलाय, पण बाजारपेठेतलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे मी आपली पार्किंगवर बोलणार आहे. सुपरमार्केटच्या दारासमोर निळा रंग मारलेले, व्हीलचेअरचं चित्र काढलेले दोन-चार खण असतात ना, त्यांच्यावर. आणि शब्दाचं आधीच सांगून टाकते, दिव्यांग म्हणा, अपंग म्हणा, मी कशावरही रुसत नाही. माझ्यात दिव्य असं काही नाहीये, कमरेखाली जाणीव नाही एवढंच, अठरा वर्षं झाली आता. गाडी मी स्वतः चालवते, हँड कंट्रोलवर, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हातानं.

आता बहुतेकांना काय वाटतं, की ती जागा दाराजवळ असते म्हणजे ती सवलत आहे, बिचारीला चालता येत नाही, लावू दे जवळ. जवळ असणं चांगलंच, दहा पावलांत ज्यांना धाप लागते त्यांच्यासाठी तर तेच महत्त्वाचं, पण माझं म्हणाल तर मला चाकं आहेत, सपाट रस्ता द्या, मी तुमच्या आधी पोचते. मला लागते ती रुंदी.

का ते सांगते. गाडी थांबली की मी दार उघडते ते पार अडकेपर्यंत. मग शेजारच्या सीटवरची खुर्चीची फ्रेम उचलायची, ती स्टिअरिंग आणि माझी हनुवटी यांच्या मधनं, छातीवरनं सरकवत बाहेर काढायची. मग मागच्या सीटवरनं एकेक चाक ओढायचं आणि फ्रेममध्ये टक् असा आवाज येईपर्यंत बसवायचं, तो टक् आला नाही तर चाक निसटतं आणि बाई जमिनीवर, हे एकदा होऊन गेलंय. मग उशी. मग खुर्ची गाडीच्या सीटला चिकटवून तिचे ब्रेक लावायचे, एक हात इकडे, एक हात तिकडे आणि ढुंगण उचलून पलीकडे, माफ करा पण दुसरा शब्द नाहीये त्याला. पावसात पण हेच सगळं, फक्त उशी भिजते, आणि जिथं जाणीवच नाही तिथल्या कातडीला तासन् तास ओल लागली की जखम होते आणि ती झाल्याचं कळतं दोन दिवसांनी. दार अर्धंच उघडलं तर ह्यातलं काहीही होत नाही. अर्ध्या दारातनं तुम्ही पोट आत घेऊन निघता, मी नाही निघू शकत.

त्यासाठी खणाच्या बाजूला ते तिरके पट्टे मारलेले असतात. लोकांना ते डेकोरेशन वाटतं, नाहीतर स्कूटर लावायची जागा. अमेरिकेत एडीए म्हणून दिव्यांगांसाठीचा १९९० चा कायदा आहे, त्याच्या नियमांत हा पट्टा कमीत कमी ६० इंच लागतो, म्हणजे ५ फूट, ब्रिटनमध्ये साधारण १.२ मीटर धरतात. अमेरिकेच्या नियमांत तर उतारसुद्धा लिहिलाय, ४८ इंचाला १ इंचापेक्षा जास्त चालत नाही, आणि तो का ते मी अर्धी गाडीत अर्धी बाहेर लटकत असताना खुर्ची हळूच निघून जायला लागली की कळतं.

खणातल्या त्या व्हीलचेअरच्या चित्राची पण एक गोष्ट आहे, मला फार आवडते. ते चित्र १९६८ मध्ये सुझान कोफोड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीनं काढलं, आणि तिच्या मूळ चित्रात डोकंच नव्हतं, नुसती खुर्ची. नंतर कार्ल मोंटान म्हणून गृहस्थ होते त्यांनी वर एक गोल ठेवला, तेव्हा कुठं त्या खुर्चीत माणूस बसला, आणि १९६९ पासून ते जगभर चाललं. मला विचाराल तर दुकानांत अजून डोकं लावायच्या आधीचंच चित्र चालू आहे. सामान मी निवडलेलं, कार्ड माझं, पिन मी दाबतेय, आणि काउंटरवरची मुलगी माझ्या डोक्यावरनं मागं उभ्या असलेल्या भाच्याला विचारते, "ह्यांना पिशवी हवीय का?" भाचा पण नमुना आहे, तो म्हणाला, "मला काय माहिती, मी ह्यांना ओळखत नाही." मुलगी अशी गोंधळली की शेवटी मलाच तिची दया आली.

असो, पार्किंग. त्या जागांचं होतं काय, तर दुकानाला काहीही नवीन करायचं झालं की त्यांना रुंद, सपाट, दाराजवळची, मोकळी जागा हवी असते, आणि अशी जागा सगळ्या आवारात एकच असते. २०२० मध्ये अंतर ठेवून रांगा लावायच्या होत्या, कितीतरी दुकानांनी बॅरिकेड टाकली ती आमच्या खणांत. बरं, ते समजू शकते, सगळ्यांचीच तारांबळ होती तेव्हा. पण मग रांगा गेल्या आणि खण काही परत आले नाहीत, तिथं ऑनलाइन ऑर्डर घ्यायला येणाऱ्यांचा बोर्ड लागला. सेलचा मांडव तिथंच, कुंड्या तिथंच, गाडी धुवून देणारे पण तिथंच. मग आले इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर, आणि चार्जरची तर गंमतच, जागा घेतली आमची आणि मशीन बसवलं चबुतऱ्यावर, म्हणजे उद्या मी इलेक्ट्रिक गाडी घेतली तरी बसल्या जागेवरनं माझा हात काही त्या केबलला पोचायचा नाही! ब्रिटनमध्ये शेवटी २०२२ ला ह्याच्यासाठी वेगळं स्टँडर्ड काढावं लागलं, पीएएस १८९९, चार्जर खुर्चीतनं वापरता यावा म्हणून.

मी जिथं नेहमी जाते तिथल्या चारातले दोन खण एक दिवस गेले. मी मॅनेजरला भेटले. माणूस सज्जन, अगदी खुर्ची ओढून माझ्या समोर बसला, जे फार कमी जण करतात. म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, त्या जागा रिकाम्याच असतात हो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. मी त्याला विचारलं, तुमच्या गाडीत स्टेपनी आहे ना? किती वर्षांत लागली नाही? मग काढून तिथं कांदे-बटाटे का नाही ठेवत? तो हसला. मग मी विचारलं की रिकामी असते हे मोजलं कधी, तर म्हणाला रोज सकाळी दुकान उघडताना बघतो ना मी. आता सकाळी आठला! अहो मला उठून, आवरून, तयार होऊन गाडीत बसेपर्यंत अडीच तास लागतात, ब्लॅडर असतं, बॉवेल असतं, म्हणजे लघवी आणि शौच, सगळं घड्याळावर चालतं, सकाळी आठला सुपरमार्केटच्या दारात यायचं तर मला पाचला उठावं लागेल, आणि ते कशासाठी, तर त्याच्या मोजणीत दिसायला. शिवाय अजून एक आहे. मी येते, खणात कोणीतरी गाडी लावलेली असते, मी एक चक्कर मारते, दुसरी मारते, आणि घरी जाते. ही मी कुठं मोजली गेले? त्यांच्या हिशोबात ती फक्त गेटमधनं आत आलेली आणि बाहेर गेलेली एक गाडी. असं चार वेळा झालं की माणूस यायचंच बंद करतो, आणि मग जागा खरंच रिकामी राहते, आणि मग ते म्हणतात बघा, रिकामी असते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात साधारण १.३ अब्ज लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे सहात एक. हा आकडा सांगितला की लगेच कोणीतरी म्हणतं, पण मग ते दिसत का नाहीत? एक तर वरचं कारण. आणि दुसरं म्हणजे दिसतात, तुम्हाला ओळखू येत नाहीत. माझी एक मैत्रीण आहे, तिला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार, दुकानात शिरताना ती तुमच्या-माझ्यासारखी, म्हणजे तुमच्यासारखी, चालत जाते, पण शेवटच्या रॅकपर्यंत पाय जडशीळ होतात आणि परत येताना प्रत्येक शेल्फ धरत यावं लागतं. तिला लोक कधी बघतात, तर गाडीतनं उतरताना. "चालतीय की चांगली!" हे तिच्या पाठीमागं मुद्दाम ऐकू जाईल असं बोलतात. इंग्लंडमध्ये ३० ऑगस्ट २०१९ पासून असे न दिसणारे त्रास असणाऱ्यांनाही ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांगांचा पार्किंगचा परवाना, मिळायची सोय झाली, पण लोकांच्या डोळ्यांसाठी कुठला नियम काढणार?

आणि मी पण काही साव नाहीये बरं का. एक तरणाबांड पोरगा आमच्या खणात गाडी लावून उतरला आणि मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं एक अक्षर न बोलता पँटचा पाय वर केला. खाली धातूची नळी. मी सॉरी म्हटलं, तो म्हणाला सवय आहे. ते 'सवय आहे' मला आजही टोचतं.

बाकी ज्यांना काहीच झालेलं नसतं ते म्हणतात, दोनच मिनिटं. चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवले की पाप धुतलं जातं अशी श्रद्धा आहे. एकदा मी सामान घेऊन बाहेर आले तर माझ्या पट्ट्यांवर एक गाडी, दारापासून वीतभर अंतरावर, आत कोणी नाही, इंडिकेटर चालू. मी दुकानात जाऊन नंबर अनाउन्स करायला लावला, परत आले, मांडीवर वितळत चाललेल्या वाटाण्याच्या पिशव्या, चाळीस मिनिटं. बाई आल्या, फोनवर बोलत, मला बघून म्हणाल्या, "अय्या, मला वाटलं तुम्ही आत गेलाय म्हणजे वेळ लागेल तुम्हाला." म्हणजे त्यांनी मला बघितलं होतं, विचार केला होता, आणि मग लावली होती. त्यांच्या मनात वाईट होतं असं पण नाही हो, मला दुकानात वेळ लागतो हे खरंच आहे, आणि त्यांनी माफी मागून पिशव्या डिकीत ठेवायची तयारी पण दाखवली. पण गाडीत शिरायला मला जागा लागेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

तक्रार कोणाकडे करायची हा वेगळाच खेळ. पोलीस म्हणतात खासगी जागा आहे, दुकान म्हणतं पार्किंग दुसऱ्या कंपनीकडे आहे, कंपनीचा माणूस म्हणतो मी फक्त पावती फाडतो. ब्रिटनमध्ये तर बॅजची योजना १९७१ पासून आहे, आधी नारिंगी होता, २००० पासून निळा, पण ती मुळात रस्त्यावरच्या पार्किंगसाठी. दुकानाच्या आवारातलं बघायचं काम तिथंही २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली दुकानावरच येतं, म्हणजे जो खण उचलून दुसऱ्याला देतो त्याच्याच कडे खण सांभाळायला दिलेत.

आता शेवटचं, ट्रॉलीबद्दल. सुपरमार्केटची ट्रॉली सिल्वन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत काढली, आणि आधी कोणी हात लावेना तिला, बायकांना वाटलं बाबागाडी ढकलायला सांगतायत, पुरुषांना वाटलं आम्ही काय दुबळे आहोत का. शेवटी त्यानं पगारी माणसं ठेवली, नुसती ट्रॉली ढकलत दुकानात फिरायला. पुढं दुकानं अशी बांधली गेली की ट्रॉली कुठं अडणार नाही, गुळगुळीत फरशी, उंबरा नाही, दार आपोआप उघडतं, उतार केलेला. आमच्यासाठी नव्हतं ते, पण आम्ही ट्रॉलीच्या पुण्याईवर आत जातो. आणि मग तीच ट्रॉली सामान गाडीत भरून झाल्यावर लोक सोडून कुठं देतात, तर आमच्या तिरक्या पट्ट्यांवर.

आमच्या इथं ट्रॉल्या गोळा करणारा एक पोरगा होता, एकोणीस-वीसचा असेल. एका वेळी पंधरा-वीस ट्रॉल्या एकात एक घालून ढकलायचा, त्यामुळे उतार कुठं आहे, खड्डा कुठं आहे, कुठल्या खणात पाणी साचतं हे त्याला मॅनेजरपेक्षा जास्त माहिती. माझी गाडी गेटमधनं वळताना दिसली की हातातलं सोडून तो आधी पळत जाऊन पट्ट्यांवरच्या ट्रॉल्या काढायचा आणि तिथं हात पसरून उभा राहायचा, विमान उतरवतात तसा, "या मावशी, या, या, या, बास." मी त्याला कधी असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. मॅनेजरनं दोन खण काढले तेव्हा मला फोन करून आधी त्यानंच सांगितलं होतं.

दोन महिने झाले, तो दिसत नाहीये. दुसरीकडे लागला म्हणतात, पगार बरा आहे. नवीन मुलगा आलाय, कामाला चांगला आहे, पण त्याला अजून माझी गाडी ओळखू येत नाही, त्यामुळे सध्या मी काच खाली करून बसते आणि कोणी जवळनं गेलं की म्हणते, अहो, ती ट्रॉली तेवढी बाजूला घेता का.