शांत गल्लीलाही कान असतात

मघाशी माझी ओळख करून देताना निवेदिकाताई म्हणाल्या, "हे प्रभात रोडच्या निवांत गल्लीत राहतात, भाग्यवान आहेत." आहेच मी भाग्यवान. पण त्या निवांतपणाचंही एक भाडं असतं. आज त्याचा हिशेब मांडतो.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. चौदा बिऱ्हाडं आणि चौकात एक नळ. तिथे आईवडील कितीही कडाडून भांडले तरी बाहेर पत्ता लागत नसे, कारण त्याच वेळी नळावर कळशांचा खणखणाट चाललेला, कुणाचं पोर भोकाड पसरलेलं आणि तीन घरांत तीन रेडिओ. गोंगाटाचा पडदा होता तो. पुढे आम्ही प्रभात रोडच्या गल्लीत आलो. पहिल्याच संध्याकाळी वडील आपल्या नेहमीच्या वाड्याच्या आवाजात म्हणाले, "चहात साखर कमी आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या काकू फाटकाशी वाटी घेऊन हजर. "साखर संपलीय का हो?"

त्या दिवसापासून आमचं घर हळू बोलायला लागलं. कुजबुजत भांडायचं ही कला आहे मंडळी, ती पेठेत शिकवत नाहीत. मला झापायचं असलं की आई आधी मिक्सर लावायची. अजूनही मिक्सरची घरघर ऐकली की मी उगाच सावध होतो.

गंमत बघा. या रस्त्याला नाव मिळालं ते प्रभात फिल्म कंपनीचं. 1929 साली कोल्हापुरात निघालेली ही कंपनी 1933 साली पुण्यात आली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मराठीतला पहिला बोलपट 1932 साली याच कंपनीने काढला. सिनेमाला मराठी बोलायला लावणाऱ्यांच्या नावाचा रस्ता, आणि तिथे आम्ही दबक्या आवाजात राहतो!

इथे आवाज नसतात असं नाही. प्रत्येक आवाजाला मालक असतो, एवढंच. फाटक करकरलं की कोण बाहेर पडलं ते न बघता कळतं. दुपारी तांबट पक्षी टुक टुक लावतो, मधूनच नारळाची झावळी धप्पकन पडते, की तीन घरांतून माना बाहेर. कोणाचा मुलगा रात्री किती वाजता आला, हे त्याच्या आईच्या आधी शेजाऱ्यांना ठाऊक.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. शेजारचा बंगला पाडून तिथे इमारत उठू लागली तेव्हा हे आकडे मला पाठ झाले. दिवसभर ब्रेकर, मग काँक्रीटचा मिक्सर, मग फरशा कापायचं यंत्र. मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू लक्षात आलं, आम्ही दोघं नवरा-बायको पुन्हा मोकळ्या आवाजात बोलतोय. दोनदा तर चक्क वाड्यासारखं भांडलो. छान वाटलं.

काम संपलं त्या दुपारी यंत्रं गेली, पण आमचा आवाज चढलेलाच राहिला होता. मी स्वयंपाकघरातून ओरडून बायकोला विचारलं, "चहा टाकू का?"

समोरच्या बाल्कनीतून उत्तर आलं, "टाका, टाका. तीन कप टाका!"